शनिवारचा डॉलर

शनिवार, 1 जून 2024. सकाळी साडेदहाला बँकेतून फोन आला, "मॅडम, दुबईचे डॉलर आलेत. कन्व्हर्ट करायचे का?" सुताचं बिल थकलं होतं, व्यापाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला होता. मी भाव न विचारताच हो म्हणून टाकलं.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग बाबा बघतात, कागदपत्रं मी. रक्कम होती 18,400 डॉलर. दुपारी खात्यात रुपये पडले, मी भागाकार केला आणि पोटात गोळाच आला. शुक्रवारी बाजार ज्या भावाला बंद झाला, त्यापेक्षा डॉलरमागं 92 पैसे कमी. म्हणजे 16,928 रुपये गेले. एरवी, इतर वारी, आमची बँक 35 पैसे कापायची, तेवढे आम्ही देवाला वाहिल्यासारखे सोडून द्यायचो. (हीसुद्धा चूकच होती, पण ते पुढं.)

तडक शाखेत गेले. फॉरेक्सचं काम बघणारे साहेब म्हणाले, "रेट मुंबईहून येतो, आमच्या हातात काही नाही." मी उठायला तयार नाही म्हटल्यावर त्यांनी शुक्रवारचा आणि शनिवारचा असे दोन्ही कार्ड रेट (बँकेनं त्या दिवसासाठी ठरवलेले भाव) छापून माझ्यासमोर ठेवले. मी डॉलरच्या ओळीवर बोट ठेवून वाचलं. शुक्रवारी टीटी बाइंग (बँक डॉलर घेते तो भाव) आणि टीटी सेलिंग (देते तो भाव) यांच्यात 70 पैशांचं अंतर. शनिवारी तेच 1 रुपया 84 पैसे. बाइंग जेवढं खाली सरकलं होतं, सेलिंग तेवढंच वर. माझ्या शेजारी एक बाई मुलाच्या परदेशातल्या फीचे डॉलर घ्यायला बसल्या होत्या. त्यांनाही फटका माझ्याइतकाच. निर्यातदाराला गाठून लुटतात हा माझा आरोप तिथंच लुळा पडला. पण मग हे अंतर वाढतं कशानं? साहेबांचं उत्तर एकच, "शनिवार आहे ना."

त्या तीन शब्दांचा अर्थ मला बँकेत नाही, मामाकडं कळला. मामा बाजार समितीत कांद्याचे अडते. संध्याकाळी आईनं भाकरी-शेंगाचटणी वाढली आणि मी माझं रडगाणं सुरू केलं. मामा जेवता जेवता म्हणाले, "असं समज, लिलाव उरकलेत. दोन दिवस यार्ड बंद. एक जण गाडी घेऊन आला, म्हणतो आत्ताच घ्या. घेईन की. पण कितीनं?"

"आजच्या भावानं."

"आजचा भाव आज विकायला आहे. मला विकायचाय सोमवारी. निर्यातबंदी उठली ती कधी? 4 मेला. वार कोणता? शनिवार! शुक्रवारी मी कुणाला सोमवारच्या मालाचा भाव बांधून दिला असता, तर घरातनं भरावे लागले असते. आणि डिसेंबरात बंदी आली तीही अशीच रातोरात. माल भरून ठेवलेले बसले डोकं धरून. म्हणून यार्ड बंद असताना मी घेताना खाली घेणार, देताना वर देणार. पटलं तर कर, नाहीतर सोमवारी ये."

डॉलरचंही हेच आहे. आपल्याकडं बँकांचा आपसातला रुपया-डॉलरचा बाजार सोमवार ते शुक्रवार, सकाळी 9 ते दुपारी साडेतीन. बाजार भरात असताना बँकाबँकांतला खरेदी-विक्रीचा फरक जेमतेम एखादा पैसा, कित्येकदा त्याहूनही कमी. माझ्याकडून घेतलेला डॉलर बँक काही मिनिटांत पुढं विकून मोकळी होते. शनिवारी शाखा उघडी असते, पण पुढं विकायला बाजारच नसतो. माझे 18,400 डॉलर सोमवारी नऊपर्यंत तिनं अंगावर घ्यायचे, आणि मध्ये जगात काय होईल ते तिच्या नशिबी.

त्या शनिवारी तर संध्याकाळी लोकसभेचे एक्झिट पोल येणार होते. आमचं सोलापूरचं मतदान 7 मेलाच उरकलं होतं, त्यामुळं माझ्या डोक्यातून ते साफ गेलेलं. मुंबईच्या ट्रेझरीत, जिथून हा रेट येतो तिथं, बसलेल्यांच्या डोक्यातून कसं जाईल? सोमवारी 3 जूनला रुपया शुक्रवारपेक्षा चाळीसेक पैशांनी वधारूनच उघडला. मी हिशेब केला. सोमवारी सकाळी नेहमीचे 35 पैसे कापून विकले असते, तरी पंचाहत्तरेक पैसे गेलेच असते. मंगळवारी प्रत्यक्ष निकाल लागायला लागले तसा रुपया पुन्हा घसरला. तोवर थांबले असते तर फायदाच होता. बाबा म्हणाले, "म्हणजे बँकेनं लुटलं का वाचवलं?" खरं सांगायचं तर दोन्ही नाही. तिनं स्वतःला वाचवलं, आणि त्या विम्याचा हप्ता आम्ही भरला. अर्थात 92 पैसे कापताना तिनं हात जरा सैलच सोडला होता असं मला आजही वाटतं.

पुढच्याच आठवड्यात हाच प्रकार दुसऱ्या टोकानं पाहायला मिळाला. माझा आतेभाऊ मोबाइलवर युरो-डॉलर खेळतो. त्याचं ते ॲप रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर 2022 पासून जाहीर केलेल्या अलर्ट लिस्टमध्ये, म्हणजे परवानगी नसलेल्यांच्या यादीत, आहे. आपल्याकडं असल्या ॲपवर सौदे करणं फेमाच्या, म्हणजे परकीय चलनाच्या, कायद्यात बसत नाही, हे त्याला सांगून मी थकले. 7 जूनच्या शुक्रवारी लाइट गेली म्हणून आम्ही सगळे गच्चीवर झोपलो होतो आणि हा मोबाइलकडं डोळे लावून बसलेला. युरो पडणार म्हणून त्यानं आधीच विकून ठेवला होता, स्टॉप लॉस, म्हणजे भाव उलटा गेला तर सौदा आपोआप मिटवायचा आकडा, 1.0812 ला. संध्याकाळी खरेदी-विक्रीत एका पिपचासुद्धा (पिप म्हणजे भावातला दशांशानंतरचा चौथा आकडा) फरक नव्हता. रात्री दोन वाजून गेले आणि उजवीकडचा, म्हणजे घेण्याचा, आकडा फुगायला लागला. तीन पिप, सहा, नऊ. एका क्षणी डावीकडं 1.0800 आणि उजवीकडं 1.0813. त्याचा सौदा उडाला.

"ताई, भाव तिथं गेलाच नाही की! चार्ट बघ!" चार्टवर खरंच काही दिसत नव्हतं. दिसणार कसं? त्या चार्टवर फक्त डावीकडचा, म्हणजे बिडचा (आपण विकताना मिळतो तो) भाव उमटतो. विकून ठेवलेला सौदा मिटवायचा म्हणजे परत घ्यायचा, आणि घेताना लागतो उजवीकडचा. युरो जागचा हलला नाही तरी मधली फट रुंदावली की स्टॉप लॉसला धक्का लागतो.

वेळही बघण्यासारखी होती. न्यूयॉर्कमध्ये शुक्रवारचे संध्याकाळचे पाच वाजले की जगाचा चलनबाजार मिटतो. उन्हाळ्यात ते आपल्या शनिवारी पहाटेचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन. लंडनवाले त्याच्या कितीतरी आधी घरी गेलेले असतात. उरलेल्या डीलरना पुस्तक कोरं करून, म्हणजे अंगावरचे सौदे मिटवून, निघायचं असतं, नवीन माल कुणालाच नको असतो. भाव देणारे एकेक करून बाजूला होतात, आणि जो उरतो तो मामांसारखा बोलतो. सोमवारी पहाटे वेलिंग्टन-सिडनी उघडतात तेव्हाही तेच. हजेरी पातळ, त्यात दोन दिवसांच्या बातम्या साचलेल्या. त्या रविवारी युरोपीय संसदेचे निकाल आले आणि फ्रान्सच्या अध्यक्षांनी थेट आपल्या देशाच्या संसदेचं कनिष्ठ सभागृहच विसर्जित केलं. सोमवारी युरो खाली उघडला. आतेभावाचा अंदाज बरोबर होता, फक्त सौदा शिल्लक नव्हता. दोन दिवस तो कुणाशी धड बोलला नाही.

मग मी आमच्या कामाला लागले. पहिलं कोडं हे, की दुबईचे डॉलर नेमके शनिवारीच का येतात. दुबईचा गिऱ्हाईक शुक्रवारी पैसे सोडायचा. 2022 पासून तिकडं सुट्टी शनिवार-रविवार झाली, शुक्रवारी अर्धा दिवस. आठवडा संपवताना तो सगळी बिलं भागवायचा. डॉलर जातात न्यूयॉर्कमार्गे, तिथं दिवस उजाडून व्यवहार होईपर्यंत आपल्याकडं रात्र. त्याला सोमवार-मंगळवारी पाठवायची विनंती केली. त्याला काहीच फरक पडत नव्हता, एका मेसेजवर ऐकलं. दोन वर्षं हा मेसेज कुणी पाठवला नव्हता याची लाज वाटली.

दुसरं, ईईएफसी खातं, म्हणजे परकीय चलन कमावणाऱ्यांचं परकीय चलनातलंच खातं, उघडलं. त्यात डॉलर डॉलरच राहतात. ज्या महिन्यात जमा होतील त्याच्या पुढच्या महिनाअखेरीपर्यंत रुपयांत बदलले की झालं. व्याज नाही, आणि मधल्या काळात भाव पडला तर झळ आपल्याला. पण दिवस आपण निवडतो.

तिसरी गोष्ट त्या 35 पैशांची. शनिवारचे जादा पैसे बाजाराच्या नावावर खपतात. रोजचे 35 मात्र निव्वळ बँकेचं मार्जिन होतं, आणि आम्ही विचारत नव्हतो म्हणून होतं. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकारानं 5 ऑगस्ट 2019 ला एफएक्स-रिटेल हा प्लॅटफॉर्म सुरू झाला आहे. लहान गिऱ्हाइकालाही तिथं बाजारभावानं डॉलर विकता येतो, बँक फक्त आधी ठरलेलं शुल्क घेते. शाखेत हे नाव काढलं तर साहेबांनी माझ्याकडं मी हिब्रू बोलल्यासारखं पाहिलं. फॉर्म, ठराव, पॅन, पुन्हा फॉर्म, सहीत फरक म्हणून परत. सात आठवडे गेले. गंमत म्हणजे नोंदणी अर्ध्यात असतानाच मुंबईहून फोन आला, "मॅडम, आम्हीच 12 पैशांवर देतो, सकाळी साडेदहा ते दोनमध्ये फोन करून रेट बुक करा." तरी नोंदणी मी पूर्ण केलीच.

16,928 रुपयांच्या तक्रारीला एका ओळीचं उत्तर आलं: दर बाजारस्थितीनुसार लागू करण्यात आला आहे. मी ते फाइलला लावून टाकलं.

गेल्या महिन्यात दुबईवाला विसरला आणि त्यानं पुन्हा शुक्रवारी पैसे सोडले. डॉलर ईईएफसीत सोमवारची वाट बघत पडले. रविवारी रात्री साडेदहाला बाबा खोलीच्या दारात उभे. "अगं, कुठं निवडणूक-बिवडणूक नाही ना उद्या?"