सोळा नंबरचं लेणं

स्मरणिकेसाठी लिहा म्हणून शाळेतून फोन आला, तेव्हा शिस्त, संस्कार, प्रार्थनेची घंटा असं काहीतरी लिहायचं मनात होतं. दहावीत पहिल्या आलेल्याकडून लोकांची तीच अपेक्षा असते. पण लिहायला बसलो की नववीतली अजिंठ्याची सहल समोर येते आणि तिथं झालेली माझी फजिती.

एसटीत चित्रकलेच्या सरांनी सांगितलं, सोळा नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं कोरवलं, आणि या वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. झालं! अख्ख्या गाडीनं आरोळी ठोकली. पाचव्या शतकातला राजा आम्ही वाशीमच्या स्टँडवरचा करून टाकला.

लेण्यात अंधार. डोळे सरावल्यावर डाव्या भिंतीवर मान कललेली, डोळे मिटत आलेली एक बाई दिसली. सरांनी विचारलं, "काय दिसते?" मी आदल्या रात्री पुस्तिका पाठ केलेली. ताडकन बोललो, "मरणासन्न राजकन्या!" आणि पुढच्या चित्राकडे वळलोही. माझ्या लेखी प्रश्न सुटला होता.

मागच्या बाकावरचा माझा मित्र मात्र तिथंच उभा. गणितात कसाबसा पास होणारा, पण एलिमेंटरीला 'ए' ग्रेड. आधी त्यानं भिंतीचा पोपडा निघालेली जागा न्याहाळली. "माती अन् भुसा हाये सर, आमच्या घरासारखा." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "सर, बाई मरून राहिली, तर हा माणूस मुकुट घेऊन कायले उभा हाये?"

मी मुकुट पाहिलाच नव्हता.

सरांनी उत्तर दिलं नाही. "अजून काय दिसते?" एवढंच. खाली वाघूर नदीच्या काठी शिदोऱ्या सुटल्यावर त्यांनी गोष्ट सांगितली: बुद्धांचा सावत्र भाऊ नंद भिक्षू झाला, त्याचा मुकुट घरी आला आणि तो पाहून त्याच्या बायकोची, सुंदरीची, शुद्ध हरपली. म्हणजे मरण नाहीच. नाव नंतर कुणीतरी चिकटवलेलं, आणि मी ते पाठ केलेलं.

पुढं मी मास्तरच झालो. मायकेल पार्सन्स या अभ्यासकानं १९८७ मध्ये मांडलेल्या, चित्र समजून घेण्याच्या पाच पायऱ्या तेव्हा वाचनात आल्या. पहिल्या पायरीवर माणूस आपल्या आवडीचं तेवढं पाहतो, दुसरीवर 'सुंदर आहे का, हुबेहूब आहे का' विचारतो, तिसरीवर भावना शोधतो, चौथीवर शैली आणि घडण, पाचवीवर आधी शिकलेल्या मतांनाच तपासून पाहतो. मी दहावीला पहिला; पायरी दुसरी, तीही ओढूनताणून. त्याची कोणती होती ते ठरवायच्या भानगडीत मी पडत नाही. आमच्याकडे 'हुशार' हा शब्द मार्कांनाच का चिकटला, याचा राग मात्र अजून येतो.

तो आता गावातच आहे. पाट्या रंगवायचा, फ्लेक्स आल्यावर ते काम गेलं. पोळ्याला बैलांची शिंगं मात्र लोक अजून त्याच्याकडूनच रंगवून घेतात. गेल्या पोळ्याला भेटलो. अजिंठ्याचा विषय निघाला. शिंगावरचा ब्रश न उचलता त्यानं विचारलं, "तिले पंखा घालणारी पोरगी आठवते का तुले?"

मला आठवली नाही.