डावीकडचा बाण

दुपारी जुन्या लॅपटॉपवर एक फोल्डर उघडला. आधी नुसती खिडकी, मग राखाडी चौकोन, मग एकेका चौकोनात सावकाश उगवणारे नातेवाईक. मला हवं होतं वीजबिल. वैतागून खिडकी मिटली आणि टर्मिनलमध्येच, म्हणजे नुसते हुकूम टाइप करायच्या खिडकीत, फायली चाळणारी शेल स्क्रिप्ट लिहायला बसलो. शेल म्हणजे ते हुकूम पाळणारा प्रोग्राम, स्क्रिप्ट म्हणजे त्याला लिहून दिलेली हुकमांची यादी. बिल तसंच राहिलं.

नावं दाखवायची, एक ओळ उलट्या रंगात, उजव्या बाणाने आत, डाव्याने बाहेर. बास. बाण दाबला की शेलला तीन अक्षरं मिळतात: एस्केप, चौकटी कंस आणि ए ते डीपैकी एक. 1978 च्या व्हीटी100 या पडदा-कीबोर्डवाल्या टर्मिनल यंत्राची ही सवय अजून सुटलेली नाही.

कोल्हापुरात शाहूपुरीत काकांची गुळाची अडत होती. सुट्टीत मी तिथं रव्यांवर, म्हणजे गुळाच्या ढेपांवर, चढायचो आणि बोलणी खायचो. दिवाणजींच्या मागे लाल कापडी पुठ्ठ्याच्या वह्यांची फळी. शेतकरी दारात चप्पल काढेपर्यंत यांच्या बोटाखाली त्याचं खातं उघडलेलं असायचं, मान वर न करता. एकदा मी वह्यांवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचं सुचवलं. "लेका, वही हुडकायची हाय का नटवायची?" म्हणाले, आणि पुन्हा बेरजेत बुडाले. मला फोल्डरातल्या फोटोंच्या लघुचित्रांचा राग तेव्हापासूनचा असावा.

खरा छळ नावांचा. फाइलच्या नावात मोकळी जागाच काय, नवी ओळसुद्धा चालते. म्हणून एलएस या यादी देणाऱ्या हुकमाचं उत्तर तोडून नावं काढत बसायचं नाही, सरळ तारांकन (*), म्हणजे ‘इथली सगळी नावं’, वापरायचं. त्यात आमची नावं देवनागरी. ‘कोल्हापूर’ची लांबी विचारली तर बॅश (हे एक शेलच) 9 सांगतं, काना-मात्रा-हलन्त सगळे सुटे मोजून. डोळ्याला अक्षरं चारच दिसतात. रकाने वाकडे होतात. होऊ देत, गल्लीतली घरं तरी कुठं एका रेषेत आहेत?

एक गोष्ट मात्र शेलच्या हातात नाही. स्क्रिप्ट ही चालवणाऱ्या शेलचं पोर; ती कितीही खोल फोल्डरात फिरली तरी बाहेर आल्यावर बाप जिथं होता तिथंच. उपाय सोपा आहे: निघताना पत्ता एका फाइलीत टाकायचा आणि बाहेरच्या शेलमधल्या फंक्शनने तो वाचून सीडी करायचं, म्हणजे त्या फोल्डरात जायचं. लिहिलं नाही. बघायला गेलो होतो, राहायला नाही.