तीनशे वर्षांनंतरही भाऊबंदकीच?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. दिवाळी अंकातली माझी कथा वाचून कुणी ना कुणी म्हणतंच, “सर, तुमची माणसं मंगळावर पोचली तरी भांडणं तीच. विज्ञानकथेत सगळी पृथ्वी एक झालेली असते ना?” (२०२१ मध्ये आमच्या नाशकात साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष जयंत नारळीकर. तेव्हापासून विज्ञानकथा लिहितो म्हटलं की लोक खुर्ची ओढून बसतात.)

असते की! ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेत तर पृथ्वीच काय, कित्येक ग्रहांचा मिळून संघ झालाय. १९६६ साली, अमेरिका-रशियाचं शीतयुद्ध चालू असताना, त्या मालिकेनं यानाच्या नियंत्रणकक्षात जपानी वंशाचा सुलू आणि आफ्रिकी वंशाची उहुरा बसवली. पुढच्या वर्षी रशियन चेकॉव्हही आला. त्याला छाती लागते. पण नीट बघा. सगळे इंग्रजी बोलतात, हुद्दे आरमारी. परग्रहवाल्यांत व्हल्कन म्हणजे तर्कनिष्ठ, क्लिंगॉन म्हणजे लढवय्ये. अख्ख्या ग्रहाला एकच स्वभाव! इथे नाशकातल्या पंचवटी आणि सिडको या दोन भागांचं एकमत होताना मारामार.

रंगाचंच घ्या. देशात बहुतेक ठिकाणी होळीच्या दुसऱ्या दिवशी रंग खेळतात, आम्ही रंगपंचमीला. जुन्या नाशकात पेशवेकालीन रहाडी आहेत, म्हणजे भर चौकात जमिनीखाली बांधलेले हौद. वर्षभर ते झाकून बुजवलेले असतात. वरून रिक्षा, दुचाक्या जातात, परक्याला पत्ताही लागत नाही. पंचमी आली की माती उपसायची, पाणी भरून रंग कालवायचा, पूजा करायची आणि मग धप्पा! काठावरून थेट रंगात उडी. तिवंधा चौकाच्या रहाडीचा रंग पिवळा, शनी चौकाचा गुलाबी. त्यात अदलाबदल नाही.

आता मंगळावर सरकार एक, पाणी मोजून, सुट्टी सगळ्यांना एकाच दिवशी. ती धुळवडीला द्यायची की पंचमीला? हौदभर पाणी मंजूर कोण करणार? इथे बरेच लेखक ‘तोवर मानव या साऱ्याच्या पलीकडे गेला होता’ असं लिहून मोकळे होतात. मला ती पळवाट वाटते.

एकी होतच नाही, असं नाही. कुंभमेळ्यात आधी स्नान कुणाचं, यावरून शैव आणि वैष्णव साधूंमध्ये रक्तपात झाला, तेव्हा पेशवाईत वाटणी झाली: शैवांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, वैष्णवांनी नाशकात रामकुंडावर. २०१५ च्या सिंहस्थातही तसंच झालं. मेळा एकच, पण कुणाला आपलं गंध पुसावं लागलं नाही. कोणता आखाडा आधी, किती वाजता, कुठल्या वाटेनं, हे मात्र दर वेळी बसून ठरवावंच लागतं. त्या बैठकांतले रुसवे-फुगवे मला अंतराळयुद्धापेक्षा कितीतरी रंगतदार वाटतात.

यंदा तशीच कथा दिलीय, मंगळावरच्या पाणीवाटपाच्या बैठकीची. संपादकांचा फोन आला होता: “छान आहे हो, पण यात यान कधी येणार?”