ऊन आणि वारा एकाच बाजूने

बाबागाडीला लावायच्या छत्र्या जो कोणी घडवतो, त्याने सूर्य फक्त भरदुपारचा पाहिलेला असावा. वर गोल छत्री, खाली गोल सावली आणि मधोमध गुटगुटीत बाळ. खोक्यावरच्या चित्रात सगळं कसं जमून आलेलं असतं. पण भरदुपारी बाळाला बाहेर नेतंय कोण? पणजीत त्या वेळी कुत्रीसुद्धा दुकानांच्या पायऱ्यांखाली शिरलेली असतात. आमच्या नातीची स्वारी निघते संध्याकाळी, पाव घेऊन पदेर येऊन गेला की, कांपालवरून मिरामारच्या किनाऱ्याच्या दिशेने. तेव्हा सूर्य डोक्यावर नसतो, समोर असतो. छत्री वर इमानेइतबारे सावली धरून उभी, आणि ऊन तिच्या खालून थेट बाळाच्या डोळ्यांत.

तशी एका दिवशी ती छत्री अगदी शंभर टक्के बरोबर ठरेल. गोवा साडेपंधरा अक्षांशावर, त्यामुळे मे महिन्याच्या सुरुवातीला इथे सूर्य बरोबर माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या पायाशीच विरते. तेही बाराला नव्हे. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरजवळच्या रेखांशावर, म्हणून इथली खरी माध्यान्ह होते साडेबाराच्या सुमारास. असाच दुसरा दिवस ऑगस्टमध्ये येतो, पण तेव्हा ढगांच्या गोधडीखाली कोण सावली बघतंय! थोडक्यात, वर्षातली दोन दुपारं सोडली तर सावली जिथे पडायला हवी तिथे ती छत्री पाडत नाही.

लेक माहेरी आली ती बाबागाडी घेऊन. गाडीला स्वतःचा टप होता, पण तो बिचारा नावापुरता. बाळाच्या कपाळापर्यंत सावली आणि नाकापासून पुढे ऊन. तेव्हा आणखी काहीतरी घ्यायला हवं यावर घरात एकमत झालं. काय घ्यायचं यावर मात्र झालं नाही. हिचं म्हणणं, "अहो, मलमलची ओढणी टाका की वरून. आपली मुलं काय छत्र्या लावून वाढली?" लेकीचं म्हणणं, "बाबा, काहीही करा, पण गाडी झाकू नका." जावई फोनवरून म्हणाले, तुम्ही ठरवाल ते. निवृत्त माणसाला असली कामं सोपवली जातात आणि तो ती फार गंभीरपणे घेतो.

बाजारात दुकानदाराने पहिल्यांदा छत्रीच काढली. "घेयात बाब, बरें आसा," म्हणत तिची मान वळवून दाखवली. मान लवचिक, हवी तशी वाकते आणि हवी तशी राहते, असा दावा. खरी गोम मानेत नाही, खालच्या चिमट्यात आहे. चिमट्याचे जबडे गोल नळीसाठी केलेले आणि बऱ्याच गाड्यांची नळी चपटी, लंबगोल. स्क्रू कितीही आवळा, थोडा धक्का बसला की चिमटा नळीभोवती फिरतो आणि छत्री बाळाला पाठ करून उभी राहते. शिवाय आतली स्प्रिंग लोखंडी. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर लोखंड किती दिवस टिकतं ते आमच्या खिडक्यांच्या बिजागऱ्यांना विचारा.

तरीही सूर्य समोर असताना छत्री पुढे कलती करून चाललं असतं. आड आला तो वारा. दिवसभर जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची थंड हवा आत येते. समुद्र पश्चिमेला, म्हणून संध्याकाळचा वारा पश्चिमेचा. आणि सूर्यही पश्चिमेलाच टेकलेला. म्हणजे ऊन जिकडून येतं, वाराही तिकडूनच येतो. पूर्व किनाऱ्यावरच्या आजोबांना ही अडचण नसावी. त्यांच्याकडे संध्याकाळी सूर्य पाठीशी आणि समुद्र समोर. आमच्याकडे उन्हाला आडवी धरलेली प्रत्येक वस्तू वाऱ्यालाही आडवी येते. छत्री असेल तर तिचं शीड होतं. आणि वारा सोडून नुसती सावली दिली तर गोव्याच्या दमट हवेत ती सावली कुठल्या कामाची?

ओढणीचा निकाल इथेच लागला. पातळ दिसली म्हणून ती वारा सोडते असं नाही. चारी बाजूंनी टाकली की आतली हवा कोंडते आणि तापते. बाहेरून बाळ शांत झोपलेलं वाटतं, आत भट्टी. लेकीने सिडनी विद्यापीठाच्या संशोधकांचा २०२३ मधला अभ्यास वाचून दाखवला. कोरडं पातळ कापड टाकल्यावर गाडी आतून तापली. तेच कापड ओलं करून सोबत छोटा पंखा लावल्यावर मात्र आतलं तापमान जवळजवळ पाच अंशांनी उतरलं. पण ओल्या कापडाची ही किमया पाणी उडून जाण्यावर अवलंबून. कोरड्या हवेत ते झटपट उडतं; आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत दोरीवरचा टॉवेलच संध्याकाळपर्यंत दमट असतो. आणि गंमत अशी की पांढरी मलमल वारा अडवते तितकं ऊन अडवतही नाही. विरळ विणीतून अतिनील किरण सहज आत येतात, आणि सुती कापड ओलं झालं की आणखी सहज. ही सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "मग टोपी घाला." टोपी घातली. बाळाने ती काढली.

कापडाच्या लेबलावर 'यूपीएफ ५०' लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ सरळ आहे. अतिनील किरणांचा पन्नासातला एक भाग आत येतो, बाकीचे अडतात. कापड घट्ट विणीचं आणि गडद असेल तर ते जास्त अडवतं, हे दुकानातल्या ट्यूबलाइटसमोर धरलं तरी साधारण कळतं. पण आकडा सांगतो कापडातून काय येतं ते. बाजूने काय येतं ते त्याच्या हातात नाही. कोरडी वाळूच पंधरा टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते खालून येतात, त्यांना छत्री काय करणार? तरी सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला क्रीम चोपडण्यापेक्षा सावलीत ठेवा असं डॉक्टर सांगतात, तेव्हा सावलीचा प्रश्न सुटायलाच हवा होता.

शेवटी सगळं ठरलं ते गुडघ्यांवर. उभ्या माणसाला बाबागाडीतली सावली कळतच नाही. आपण वरून बघतो आणि वरून ती नेहमीच छान दिसते. कांपालच्या पदपथावर मी गाडीसमोर खाली बसलो आणि मान बाळाच्या मानेइतकी खाली नेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, म्हातारा चष्मा शोधतोय. एका गृहस्थांनी थांबून मदतही देऊ केली. पण तिथून सगळं स्वच्छ दिसलं. टपाच्या कडेपासून पायांपर्यंतचा मोकळा चौकोन, तेवढंच दार, आणि ऊन त्याच दारातून आत. त्या दाराला पडदा हवा, पण वारा सोडणारा.

असा पडदा मिळतो. काळी जाळी, कडेला लवचिक पट्टा, अडकवायला चार हुक. दिसायला अगदी सामान्य, दुकानदार ती शेवटी आणि नाइलाजाने काढतो. जाळी सगळं ऊन अडवत नाही, पण संध्याकाळचं ऊन मुळात जाळणारं नसतंच, डोळे दिपवणारं असतं. आणि तेवढं मोडायला जाळी पुरते. आमच्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या असत, त्यांचा बेत असाच होता: उजेड येऊ द्यायचा, झळ नाही. बाल्कांवाचं, म्हणजे दारापुढच्या ओसरीचं, छप्पर पुढे ओढून खाली आणलेलं असतं तेही उगाच नाही. त्या गवंड्यांना सूर्य संध्याकाळी कुठे असतो ते ठाऊक होतं. बाबागाडीवाल्यांनी एकदा इकडे येऊन जावं.

जाळी लावली तरी अधूनमधून हात आत घालून बाळाची मान चाचपावी लागते. हातपाय गार लागले म्हणून फसू नये. मानेला घाम असेल तर जाळी काढायची. आणि एक फुकटची सोय गाडीतच होती. तिचा दांडा उलटा करता येतो. मिरामारला जाताना दांडा फिरवला की बाळाचं तोंड आपल्याकडे आणि उन्हाकडे पाठ, म्हणजे टप आयताच मध्ये येतो. बांदोडकरांच्या समाधीपाशी वळलो की पुन्हा दांडा सरळ. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे काबोच्या बाजूला सरकेल आणि जूनमध्ये उत्तरेकडे आग्वाद किल्ल्याच्या, तेव्हा तेवढा फरक किल्ल्याकडे बघून करायचा.

जाळी हिलाही पसंत पडली, फक्त वेगळ्या कामासाठी. सध्या गच्चीवर तिच्याखाली सोलं वाळत घातली आहेत, कावळे जवळ फिरकत नाहीत आणि ऊनवारा दोन्ही खालपर्यंत पोचतात. संध्याकाळी ती काढून, झटकून, कोकमाचे डाग पुसून गाडीला लावायची असं ठरलं आहे. लेकीने निमूटपणे दुसरी जाळी मागवली.