निमोचा पलंग आणि सहा ट्रक वर्तमानपत्रं

कोलंबसला रेल्वे नाही. ओहायोची राजधानी, एवढं मोठं विद्यापीठ असलेलं शहर, आणि प्रवासी गाडी १९७९ पासून बंद. विमानाचे पैसे परवडत नव्हते म्हणून क्लीव्हलंडहून बसने गेलो. बस उशिरा निघाली. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि उतरवलं ते शहराबाहेर अशा ठिकाणी की पायी चालायला फूटपाथसुद्धा नव्हता. आपल्याकडे एसटी स्टँडवर निदान चहा मिळतो. तिथे होतं एक बंद पडलेलं व्हेंडिंग मशीन आणि त्याच्यासमोर माझ्यासारखीच ताटकळलेली माणसं. दाजी गाडी घेऊन आले तेव्हा अंधार पडला होता.

माझी मावसबहीण आणि दाजी कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहतात. ताईने गरम वरणभात वाढला, वर लिंबाचं लोणचं, आणि मी जेवत असतानाच दाजींनी विचारलं, "अरे, नायगारा इथून पाच-सहा तासांवर आहे. आणि तू म्हणे कॉमिक्स बघायला आलायस?"

हा प्रश्न मला तिथे सगळ्यांनी विचारला. महाराष्ट्र मंडळातले एक काका तर म्हणाले, "कॉमिक्सचा अभ्यास म्हणजे नक्की कशाचा?" मला राग आला, कारण त्यांच्या आवाजात खरी उत्सुकता नव्हती. पण प्रश्न म्हणून तो चांगला आहे, आणि त्याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशी एका टेबलावर पसरलेलं दिसलं. ते मला अजून विसरता येत नाही, म्हणून हे लिहितोय.

ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीचं बिली आयर्लंड कार्टून लायब्ररी अँड म्युझियम हाय स्ट्रीटवर सलिव्हंट हॉलमध्ये आहे. शहरातून २ नंबरची बस थेट तिथे नेते. बिली आयर्लंड हे 'कोलंबस डिस्पॅच' या वर्तमानपत्राचे व्यंगचित्रकार. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा, मिल्टन कॅनिफ, पुढे 'टेरी अँड द पायरेट्स' आणि 'स्टीव्ह कॅन्यन' या चित्रमालिका काढून देशभर गाजला. कॅनिफने आपली सगळी चित्रं, पत्रं, कागद या विद्यापीठाला दिले, आणि १९७७ मध्ये पत्रकारिता विभागातल्या दोन वर्गखोल्यांत हा संग्रह सुरू झाला. ल्युसी शेल्टन कॅस्वेल या ग्रंथपालबाईंनी तो उभा केला. व्यंगचित्रं जपायची असतात हे ज्या काळात विद्यापीठांना पटत नव्हतं, त्या काळात या बाईंनी चित्रकारांना, त्यांच्या विधवांना, मुलांना पत्रं लिहून एकेक गठ्ठा मिळवला. आज तिथे तीन लाखांवर मूळ चित्रं आहेत. सध्याच्या जागेत संग्रह आला तो २०१३ मध्ये.

वरच्या मजल्यावरची दालनं बघायला पैसे लागत नाहीत. तिथे मी बराच वेळ घालवला. मूळ चित्राच्या जवळ गेलं की छापील पानावर कधीच न दिसणारं बरंच काही दिसतं: निळ्या पेन्सिलीच्या आधीच्या रेघा, चुकलेल्या जागी लावलेला पांढरा रंग, संवादाच्या फुग्यातली अक्षरं नीट बसावीत म्हणून आखलेल्या बारीक ओळी, समासात संपादकासाठी लिहिलेली सूचना. 'कॅल्विन अँड हॉब्स' ही चित्रमालिका काढणारे बिल वॉटरसन हेही ओहायोचेच, आणि त्यांनी आपली मूळ चित्रं इथेच ठेवायला दिली आहेत. दालनं सुंदर आहेत, उजेड मंद ठेवलेला आहे, गर्दी नाही. पण मला जे मिळालं ते खाली, वाचनकक्षात.

वाचनकक्षात जायला तुम्ही प्राध्यापक असायची गरज नाही. आधी ईमेल करायचं, काय बघायचंय ते कळवायचं. दप्तर लॉकरमध्ये, पेन बाहेर, फक्त पेन्सिल आत. हात स्वच्छ धुवायचे. मी कळवून ठेवलं होतं की मला १९०५ नंतरची 'न्यूयॉर्क हेराल्ड'ची रविवारची पानं बघायची आहेत, विन्सर मॅके यांचा 'लिटल निमो इन स्लंबरलँड', म्हणजे निमो या मुलाच्या स्वप्नांची चित्रमालिका. तिथल्या बाईंनी एक मोठं चपटं फोल्डर आणलं, दोन्ही हातांवर पेलत, आणि टेबलावर ठेवलं. म्हणाल्या, सावकाश, कडा ठिसूळ आहेत.

पानाचा आकारच आधी अंगावर आला. निमो मी पुस्तकात पाहिला होता, मोबाइलवर पाहिला होता. हे पान आपल्या आजच्या वर्तमानपत्रापेक्षा रुंद. वाचायला नुसते डोळे फिरवून भागत नाही, मान फिरवावी लागते, खालची रांग बघायला मागे सरकावं लागतं. १९०८ च्या २६ जुलैचं पान. निमोचा पलंग जागा होतो. पलंगाचे पाय लांब होऊ लागतात आणि तो खोलीतून बाहेर पडून शहरातून चालू लागतो. पाय जसे लांबतात तशा चौकटीही उंच होत जातात. पलंग घरांच्या छपरांवरून ढांगा टाकत निघतो, वर पोरं गादीला घट्ट धरून बसलेली, आणि मग चर्चच्या कळसात पाय अडकतो. शेवटच्या छोट्या चौकटीत निमो जमिनीवर, आपल्याच खोलीत, जागा झालेला.

ही गोष्ट मला आधीपासून ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती उंची. त्या आकारात पाहताना पलंगाच्या पायांबरोबर आपली नजर खरोखर वर चढते आणि पडताना पोटात खड्डा पडतो. पुस्तकात छोटं केलेलं चित्र ही गंमत सांगतं, पण ती घडत नाही. शेजारी भिंग ठेवलेलं होतं. त्यातून पाहिलं तर आकाश म्हणजे एकाशेजारी एक बसवलेले रंगाचे ठिपके. तो रंग कागदात मुरलेला, कुठे कुठे रेघेबाहेर केसभर सरकलेला. कुणा छापखान्यात, रविवारच्या अंकासाठी, घाईत छापलेला कागद. काही सेंटना विकलेला, सोमवारी मासे गुंडाळायला जाण्याच्या लायकीचा. आणि तो माझ्यासमोर शंभरावर वर्षांनी, शाबूत.

तो शाबूत का, याची गोष्ट त्या पानाइतकीच मला लागून राहिली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी जुन्या वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींचं मायक्रोफिल्मवर चित्रण सुरू केलं. जागा वाचते, कागद नाहीतरी पिवळा पडतोय, असा विचार. चित्रण झालं की मूळ फायली फेकायच्या. पण ती मायक्रोफिल्म काळी-पांढरी. म्हणजे रविवारच्या रंगीत पुरवण्यांचा रंग गेला, आकार गेला, बारीक रेघ गेली. बिल ब्लॅकबिअर्ड नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका माणसाला हे सहन होईना. तो ग्रंथालयात जाऊन फायली मागू लागला. उत्तर मिळालं की खाजगी माणसाला देता येत नाहीत, संस्था असेल तर बघू. तेव्हा त्याने १९६८ मध्ये संस्था काढली, सॅन फ्रान्सिस्को अकॅडमी ऑफ कॉमिक आर्ट. अकॅडमी म्हणजे त्याचं राहतं घर. मग तो गावोगाव फिरून फेकायला काढलेल्या फायली घरी आणत राहिला. खोल्या भरल्या, गॅरेज भरलं. त्यातल्या स्ट्रिप, म्हणजे चौकटींच्या चित्रमालिका, कापून, नावानुसार, तारखेनुसार लावत राहिला. १९७७ मध्ये वर्तमानपत्रांतल्या कॉमिक्सचा जो जाडजूड संग्रह स्मिथसोनियन या अमेरिकन संस्थेने काढला, तो त्याने मार्टिन विल्यम्स यांच्याबरोबर याच साठ्यातून संपादित केला.

पुढे त्याला ते भाड्याचं घर सोडावं लागलं, आणि १९९८ मध्ये सगळा साठा ओहायोला आला. सहा मोठे ट्रक, ७५ टन कागद. कात्रणं आणि पानं मिळून २५ लाख. माझ्या हातातलं पान त्यातलंच.

मी तिथे पेन्सिल धरून बसून होतो आणि काही लिहीत नव्हतो. काकांचा प्रश्न आठवत होता. कशाचा अभ्यास? तर या कागदाचा. कोणत्या आकारात लोकांनी हे वाचलं, कोणत्या रंगात, काय शेजारी छापलेलं असताना. पलीकडच्या टेबलावर एक मुलगी दुसऱ्या कुठल्या दैनिकाची सबंध पानं चाळत होती. ती स्ट्रिप वाचत नव्हती, स्ट्रिपच्या आजूबाजूचं वाचत होती: बातम्या, साबणाच्या जाहिराती, हवामान. बाहेर कॉफी पिताना तिने सांगितलं की कात्रणाने तिचं काम भागत नाही, तिला पान लागतं. ब्लॅकबिअर्डने कापलं म्हणून मालिका सलग मिळाल्या, आणि कापलं म्हणूनच काही पानं मोडली. मला वाटतं, त्याने कापलं नसतं तर साठा कुणाला वापरताच आला नसता. तिला ते पटलं नाही. आमची चांगली जुंपली.

दुसऱ्या दिवशी मी वेताळ मागवला. आपला वेताळ, म्हणजे ली फॉक यांचा 'फँटम', १९३६ च्या फेब्रुवारीत अमेरिकन वर्तमानपत्रांत सुरू झालेला. माझ्या पिढीने तो टाइम्सच्या इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वाचला. १९६४ ते १९९०, तेवढीच त्या इंद्रजालची हयात. माझ्या फोनमध्ये भावाने काढून पाठवलेले काही मराठी पानांचे फोटो होते. ते शेजारी ठेवून पाहिलं आणि कितीतरी गोष्टी उलगडल्या. वर्तमानपत्रातली स्ट्रिप आडवी, रोज तीन-चार चौकटींची, आणि शेवटच्या चौकटीत उद्यासाठी खेचून धरणारी. इंद्रजालच्या उभ्या पानावर त्याच चौकटी दुसऱ्या तऱ्हेने रचलेल्या, त्यामुळे ते रोजचं खेचणं पानाच्या मध्येच कुठेतरी येतं. वेताळाच्या देशाचं नावही बदललेलं. तिथलं 'बेंगाला' आपल्याकडे 'डेंकाली' झालं, कारण बंगालशी गल्लत नको. लहानपणी मी ज्याला वेताळाची गोष्ट समजत होतो, ती मुंबईत कुणीतरी कात्री आणि डिंक घेऊन पुन्हा बांधलेली गोष्ट होती. त्या कुणीतरीचं नाव मला माहीत असायला हवं असं फार वाटलं.

आशियातल्या कॉमिक्सवर काम करणाऱ्यांत जॉन लेंट हे मोठं नाव. १९९९ पासून त्यांनी 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ कॉमिक आर्ट' चालवलं. जगातल्या कुठल्याकुठल्या देशांतल्या व्यंगचित्रकारांवर लेख त्यात येत राहिले. वाचनकक्षाच्या कपाटासमोर उभा राहून मी ते अंक चाळले. आणि मनात यादी होत गेली. 'हंस' आणि 'मोहिनी'वरची शि. द. फडणीसांची मुखपृष्ठं, एकही शब्द नसलेली. 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकीची चित्रं, जिथे कागद कापून बनवलेली झडप उघडल्यावरच विनोद पुरा होतो. जगात कुठल्याही अभ्यासकाला दाखवावी अशी ही गोष्ट आहे, कारण ती स्कॅन करताच येत नाही. झडप बंद ठेवून स्कॅन केलं तर विनोद नाही, उघडून केलं तर दचकणं नाही. कागद हातात असायलाच लागतो. आणि आपण दिवाळी अंक जानेवारीत रद्दीला देतो. ग्रंथालयंसुद्धा देतात. आमच्या गावच्या एका वाचनालयाने जागा नाही म्हणून जुने अंक किलोवर विकले, हे मला कळलं तेव्हा ते विकून झाले होते. हे आठवून त्या शांत, थंड खोलीत मला भरून आलं.

शनिवारी विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा घरचा सामना होता. तिथलं स्टेडियम एक लाखाहून जास्त माणसांचं, आणि ती सगळी माणसं लाल कपड्यांत हाय स्ट्रीटवर. बस वळवलेल्या, हॉटेलांचे दर दुप्पट-तिप्पट, कॉफीच्या दुकानात रांग दाराबाहेर. लोक आनंदात होते, मला ओळख नसताना हात वर करून आरोळी देत होते, पण मला त्या दिवशी संग्रहालयात निवांत जायचं होतं आणि रस्ता ओलांडायलाच अर्धा तास गेला. ज्यांना जायचंय त्यांनी सामन्यांचं वेळापत्रक बघूनच तारीख ठरवावी. वाचनकक्षासाठी कामाचे दिवस धरावेत.

रविवारी दाजींनी लँकेस्टरला नेलं. 'यलो किड' हे जुनं कॉमिक काढणारे रिचर्ड आउटकॉल्ट तिथे जन्मले. टुमदार गाव. परत येताना ताईसाठी बकआय नावाची शेंगदाणा-चॉकलेटची मिठाई घेतली, फारच गोड. नायगारा राहिला.

आता एक विनंती. 'आवाज'चे जुने अंक, खिडक्या न फाटलेले, किंवा इंद्रजालचे मराठी अंक, कितीही जीर्ण, कुणाच्या माळ्यावर असतील आणि घर आवरताना काढून टाकायचा विचार असेल, तर रद्दीवाल्याला हाक मारायच्या आधी मला कळवा. महाराष्ट्रात कुठेही असलं तरी मी स्वतः येऊन घेऊन जाईन. अंक अर्धे असले, मुखपृष्ठ नसलं, कुणी पेनने मिशा काढलेल्या असल्या तरीही चालतील.