तुम्ही विचारलंत म्हणून: अकरा कोटी वर्षांचं बी रुजेल का?

जीवाश्म बियांविषयी बोलायला उभी राहिले की शेवटी एक प्रश्न येतोच. शाळकरी मुलं विचारतात, वनस्पतिशास्त्र शिकणारे विचारतात, निवृत्त मंडळीही विचारतात: "एवढं जुनं बी पेरलं, तर उगवेल का हो?" उगवणार नाही. पण एवढं सांगून मला थांबवत नाही. बी किती काळ थांबू शकतं, हा प्रश्न सपुष्प वनस्पतींच्या इतिहासात फार मोलाचा आहे, आणि विचारणाऱ्याने नकळत नेमकं त्यावरच बोट ठेवलेलं असतं.

आधी खरोखर उगवलेल्या बियांबद्दल. इस्रायलमधल्या मसादाच्या किल्ल्यात सापडलेली, सुमारे २००० वर्षांपूर्वीची खजुराची बी २००५ मध्ये पेरली आणि तिला कोंब फुटला. चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळातलं कमळाचं बी सुमारे १३०० वर्षांनी रुजलं. सायबेरियातल्या गोठलेल्या जमिनीतल्या सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या रोपाची बातमी बऱ्याच जणांनी वाचलेली असते. तिथे मात्र बी रुजलं नव्हतं. कच्च्या फळातली ऊती प्रयोगशाळेत वाढवून त्यातून रोप तयार केलं होतं. आर्क्टिक ल्युपिन या फुलझाडाच्या १०,००० वर्षांच्या बिया उगवल्याचा दावाही बरीच वर्षं पुस्तकांतून फिरत होता. २००९ मध्ये कार्बन-कालमापन झालं आणि त्या बिया अलीकडच्याच निघाल्या.

या सगळ्या गोष्टी हजारो वर्षांच्या आहेत. मी ज्यांच्याविषयी बोलते त्या बिया साधारण ११ ते साडेबारा कोटी वर्षांपूर्वीच्या, डायनोसॉर वावरत होते त्या क्रिटेशस काळातल्या. त्यांचा कोळसा झालेला आहे. डीएनएची आशाही करू नये. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या गाळातला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा आहे.

पण हा कोळसाच आपल्या कामी येतो. वणव्यात बी थेट ज्वाळेत सापडलं तर राख होते. पण पुरेशा हवेविना नुसतं भाजलं गेलं, तर पेशींच्या भिंतींचा कोळसा होतो आणि आकार जवळपास जसाच्या तसा राहतो. कोळसा कुजत नाही. पोर्तुगालमध्ये आणि अमेरिकेच्या पूर्व भागात अशा बिया क्रिटेशस काळातल्या चिकणमाती-वाळूच्या थरांत मिळतात. ती माती पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, चिकटलेले खनिजकण हायड्रोफ्लोरिक आम्लाने काढायचे, पुन्हा धुवून वाळवायचं आणि उरलेला काळा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कण-कण निवडत बसायचं. त्यातले बरेचसे कण निव्वळ लाकडाचा कोळसा असतात. मधूनच एखादं बी सापडतं, आणि ते बहुधा मिलिमीटरभराचंही नसतं.

एल्स मारी फ्रीस, पीटर क्रेन आणि काई राउन्सगार्ड पेडरसन यांनी हे काम काही दशकं चिकाटीने केलं. २०१५ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे ७५ प्रकारांच्या अडीचशेच्या आसपास बिया सिंक्रोट्रॉन या कण-वेगवर्धक यंत्राच्या प्रखर क्ष-किरणांखाली धरल्या. बी न फोडता आतली प्रत्येक पेशी दिसू लागली. जवळजवळ निम्म्या बियांमध्ये आतल्या ऊती शाबूत होत्या आणि काहींमध्ये चक्क भ्रूण होता. पाव मिलिमीटरपेक्षाही लहान, पण भ्रूणच. भोवती पोषक ऊती ठासून भरलेली आणि तिच्या एका टोकाला हा इवलासा जीव. ते चित्र मी अनेकदा पाहिलं आहे आणि अजूनही त्यावरून नजर हलत नाही.

इतका लहान भ्रूण काय सांगतो? वाटाण्याच्या बीमध्ये भ्रूण पूर्ण वाढलेला असतो, पाणी मिळालं की लगेच कामाला लागतो. क्रिटेशसमधल्या या भ्रूणांना तसं करता येणं शक्य नव्हतं. त्यांना आधी बीच्या आतच वाढावं लागलं असणार, आणि मगच कोंब बाहेर पडला असणार. म्हणजे झाडावरून पडल्या पडल्या हे बी रुजत नव्हतं. ते सुप्तावस्थेत राहत होतं. आज जिवंत असलेल्या वनस्पतींत अँबोरेला नावाचं झुडूप आणि कुमुदिनी यांच्या बिया अशाच असतात, आणि सपुष्प वनस्पतींच्या वंशवृक्षात याच शाखा सगळ्यांत आधी फुटलेल्या आहेत. आजच्या झाडांवरून जो अंदाज बांधला होता, त्याला दगडातून दुजोरा मिळाला.

कुमुदिनीच्या नात्याचा पुरावा तर बीच्या सालीवरही असतो. बाहेरच्या थरातल्या पेशींच्या कडा नागमोडी असतात आणि जिगसॉच्या तुकड्यांसारख्या एकमेकींत अडकलेल्या. पोर्तुगालच्या काही बियांवर त्याच कडा तशाच दिसतात.

डार्विनने १८७९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकरला लिहिलेल्या पत्रात सपुष्प वनस्पतींचा झपाट्याने झालेला उदय हे एक चीड आणणारं कोडं असल्याचं म्हटलं होतं. उत्तर म्हणून बहुतेक वेळा फुलं आणि कीटकांची गोष्ट सांगितली जाते. ती खोटी नाही, पण अर्धीच आहे असं मला मनापासून वाटतं. पुरानं किंवा वणव्यानं जमीन मोकळी केली, की तिथे आधीपासून मातीत दबा धरून असलेल्या बारीक बियांना संधी मिळते. लहान बी आणि थांबण्याची क्षमता ही जोडी अशा सतत उलथापालथ होणाऱ्या जागेत फार उपयोगी पडते. भोवती डायनोसॉर वावरत होते आणि उंच झाडं मुख्यतः सूचिपर्णी वर्गातली होती, तेव्हा या लहानखुऱ्या वनस्पतींनी पाय रोवले त्यात बियांचा वाटा मोठा असणार.

क्रिटेशसमधल्या बहुतांश बिया लहानच राहिल्या. मोठ्या बियांचं प्रमाण वाढलं ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर. का, यावर अजून वाद आहे. एक मत असं, की फळं खाऊन बिया दूर नेणारे पक्षी आणि सस्तन प्राणी वाढले. दुसरं असं, की झाडं तुडवणारे डायनोसॉर गेले, जंगलं दाट झाली, आणि अंधारात वाढणाऱ्या रोपाला शिदोरी जास्त लागू लागली. द्राक्षकुळाच्या बिया इथे उपयोगी पडतात. द्राक्षाची बी चावून न टाकता एकदा नीट पाहा: एका बाजूला दोन खोलगट खाचा, दुसऱ्या बाजूला मध्यावर एक लांबट-गोल खूण. ही ठेवण इतकी खास आहे की दगडातही चुकत नाही. या कुळाचा सर्वांत जुना ठेवा दख्खनच्या लाव्हाथरांमधल्या चर्ट या गारगोटीसारख्या कठीण खडकात, महाविनाशाच्या आगेमागेचा मिळाला. त्याला 'इंडोव्हायटिस' असं नाव दिलं आहे. कोलंबियातली बी ६ कोटी वर्षांपूर्वीची. वर चढणाऱ्या वेली अशा पसरल्या, म्हणजे चढायला दाट झाडीही असणार.

माझा कल सावलीच्या बाजूने आहे. डिप्टेरोकार्प, म्हणजे सालवृक्षाच्या कुळातल्या झाडांच्या फळांना पंख असतात, ती वाऱ्यावर फिरत खाली येतात, कुणी प्राण्याने खाऊन न्यावीत अशी त्यांची घडण नाही. तरीही त्यांतल्या अनेकांच्या बिया चांगल्या मोठ्या असतात. नुसत्या प्राण्यांमुळे बिया मोठ्या झाल्या असत्या, तर वाऱ्यावर अवलंबून असलेल्या या झाडांनी एवढं वजन कशाला बाळगलं असतं?