म्युनिक: चार दिवस, दोन मनोरे, एक टेकडी आणि आईच्या दशम्या

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि सत्तरीला टेकलेली आई असे आम्ही तिघे चार दिवस म्युनिकमध्ये होतो. आईचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे, त्यामुळे आमचा सारा कार्यक्रम या दोन गोष्टींनीच ठरला. आईवडिलांना घेऊन जाणाऱ्या अनेकांची हीच अडचण असते, म्हणून जे आम्हाला तिथे गेल्यावर कळले ते सविस्तर लिहीत आहे. हवामानाच्या दृष्टीने मे उत्तम. सप्टेंबरच्या उत्तरार्धात सुरू होऊन ऑक्टोबरच्या आरंभापर्यंत चालणाऱ्या ऑक्टोबरफेस्टच्या दिवसांत मात्र हॉटेलांचे दर आवाक्याबाहेर जातात. बिअरच्या उत्सवासाठीच जायचे नसेल तर तो काळ टाळावा.

विमानतळावरून एस-१ किंवा एस-८ या लोकल गाड्या पाऊण तासाच्या आत शहराच्या मध्यावर पोहोचवतात. दोघांहून अधिक माणसे असतील तर सुटी तिकिटे काढू नयेत, कारण पाच प्रौढांपर्यंत चालणारे दिवसभराचे गट-तिकीट मिळते आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत वैध असते. स्थानकांवर आपल्या मेट्रोसारखी फाटके नसल्याने तिकीट हातात आले म्हणजे काम झाले असे वाटते, आणि आम्ही तिथेच चुकलो. आदल्या रात्री यंत्रातून काढून ठेवलेली तिकिटे फलाटावर जाण्यापूर्वी छोट्या यंत्रात सरकवून त्यांवर शिक्का उमटवून घ्यावा लागतो. तसे न करता आम्ही सरळ डब्यात बसलो होतो. समोर बसलेल्या एका आजींनी कोरे तिकीट पाहून बोटांनीच शिक्का मारण्याची खूण केली, म्हणून पुढच्या स्थानकावर उतरून ते काम उरकले. तपासनीस साध्या कपड्यांतही येतात आणि दंड माणशी ६० युरो आहे.

पहिली सकाळ मारियनप्लात्स या मुख्य चौकासाठी ठेवावी. तिथे पाऊल ठेवताच आई म्हणाली, ‘अगं, हे तर आपलं व्हीटी!’ तिचे चुकले नव्हते. कोरीव कमानी, टोकदार शिखरे आणि दगडी राक्षसमुखे मिरवणारे तिथले नवे नगरभवन १८६७ ते १९०८ या काळात टप्प्याटप्प्याने बांधले गेले, तर आपल्या व्हीटीचे काम १८७८ मध्ये सुरू झाले. दोन्ही इमारती मध्ययुगाची आठवण काढणाऱ्या एकाच नवगॉथिक लाटेतल्या आहेत. चौकातली सर्वांत पुरातन दिसणारी ही वास्तू वयाने तशी तरुणच आहे. याउलट ज्या इमारती खरोखर जुन्या, त्यांतल्या बहुतेक दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांत कोसळल्या आणि नंतर जुन्याच रस्त्यांवर, जुन्याच रूपात पुन्हा उभारल्या गेल्या. हे एकदा कळले की म्युनिकमध्ये ‘जुने शहर’ आणि ‘नवे शहर’ असा नकाशा पाडता येत नाही.

नगरभवनाच्या मनोऱ्यातल्या घड्याळाच्या बाहुल्या रोज सकाळी अकरा आणि दुपारी बारा वाजता, तसेच मार्च ते ऑक्टोबर या काळात संध्याकाळी पाच वाजताही नाचतात. ४३ घंटांच्या तालावर वरच्या मजल्यावर १५६८ सालच्या एका राजघराण्यातल्या विवाहाचा सोहळा आणि भाल्यांचे द्वंद्व रंगते. निळ्या-पांढऱ्या रंगातला बव्हेरियाचा, म्हणजे म्युनिक ज्याची राजधानी आहे त्या प्रांताचा, सरदार रोज जिंकतो. खाली पिंपे बनवणाऱ्या कारागिरांचा नाच होतो. प्लेगने घाबरून घरात बसलेल्या लोकांना बाहेर काढण्यासाठी त्यांनी तो रस्त्यावर केला अशी आख्यायिका आहे, आणि खऱ्या माणसांचा तो नाच अजूनही दर सात वर्षांनी होतो. खरे सांगायचे तर कार्यक्रम संथ आहे आणि मान अवघडते. मनोऱ्याच्या पायथ्याशी गर्दीत उभे राहण्यापेक्षा चौकाच्या दुसऱ्या टोकाला, शक्यतो समोरच्या एखाद्या कॅफेच्या वरच्या मजल्यावर जागा धरावी.

वरून शहर पाहण्यासाठी बहुतेक लोक जवळच्या सेंट पीटर चर्चचा मनोरा सुचवतात. देखावा अप्रतिम आहे, कारण नगरभवन आणि फ्राउएनकिर्शे हे शहराचे मुख्य चर्च ही दोन्ही एका दृष्टिक्षेपात येतात. पण ३०६ पायऱ्या, अरुंद जिना आणि वरून उतरणाऱ्यांना वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून राहणे ज्येष्ठांना झेपणारे नाही. आम्ही दोघे तिथे चढलो आणि आईला नगरभवनाच्या मनोऱ्यावर नेले, कारण तिथे लिफ्ट आहे. फ्राउएनकिर्शेचे कांद्याच्या आकाराचे घुमट मिरवणारे दोन मनोरे जेमतेम ९९ मीटरांचे असूनही शहरभरातून दिसतात; शंभर मीटरांपेक्षा उंच इमारती नकोत असा कौल नागरिकांनी २००४ मध्ये सार्वमतात थोड्या फरकाने दिला होता.

जेवणाविषयी थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. शाकाहारी माणसाला इथे उपाशी राहावे लागत नाही, मात्र नावांवर विसंबू नये. ‘लेबरकेझ’ या पदार्थाच्या नावात चीज असले तरी तो निव्वळ मांसाचा असतो. निरुपद्रवी दिसणारे बटाट्याचे सॅलड बव्हेरियात पुष्कळदा मांसाच्या रश्शात कालवलेले असते, म्हणून मागवण्यापूर्वी विचारावे. चीजमध्ये घोळलेल्या जाड शेवया म्हणजे केझश्पेट्सले, ब्रेत्सेल हा पीळ घातलेला खारा पाव आणि मे-जूनमध्ये सर्वत्र दिसणारा पांढरा शतावरीचा कोंब हे आमचे आधार ठरले. शतावरीबरोबर हॅम वाढतात, तेवढे नको म्हणावे लागते. अंडे चालत नसेल तर श्पेट्सले आणि शतावरीवरचा हॉलंडेझ सॉस हे दोन्ही सोडावेत.

पण आईचे सर्वांत समाधानाचे जेवण झाले ते व्हिक्टुआलिएनमार्क्टमध्ये. १८०७ पासूनच्या या मंडईच्या मधोमध चेस्टनटच्या झाडांखाली बिअर गार्डन आहे, आणि बव्हेरियातल्या पारंपरिक बिअर गार्डनचा नियम असा की पेय तिथून विकत घ्यायचे, खाणे मात्र घरून आणले तरी चालते. एकोणिसाव्या शतकात मद्य गाळणाऱ्यांना आपल्या तळघरांपाशी बिअर विकण्याची मुभा मिळाली, जेवण विकण्याची नाही. त्यातून ही रीत पडली. ज्या टेबलांवर कापड अंथरलेले असते ती वाढप्यांची, उघड्या लाकडी बाकांची टेबले आपली. आम्ही सफरचंदाच्या रसात सोडा घातलेले आप्फेलशोर्ले घेतले, आईने फडके सोडून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली, आणि शेजारच्या बाकावर आपला मुळा व चीज चिरत बसलेल्या वृद्ध जोडप्याने चटणीची चव घेऊन आम्हाला मुळ्याच्या चकत्या दिल्या. ग्लासासाठी अनामत रक्कम घेतली जाते. ग्लास परत केल्याशिवाय उठू नये. रेस्टॉरंटमध्ये नुसते ‘वासर’ म्हटले की बुडबुड्यांचे, विकतचे पाणी येते. नळाचे पाणी उत्तम असते, तेव्हा बाटली सोबत ठेवावी.

संग्रहालयांत आम्ही दीडच दिवस घालवला. आल्टे पिनाकोथेक या जुन्या चित्रांच्या संग्रहालयात रविवारी एका युरोत प्रवेश मिळतो आणि दुकाने रविवारी बंदच असल्याने तो दिवस तिथेच सत्कारणी लागतो. खरेदी व किराणा शनिवारी रात्री आठच्या आत आटोपावा. तिथून थोड्याच अंतरावर एक भव्य, रुक्ष इमारत आहे. चेकोस्लोव्हाकियाचा भाग हिटलरच्या हवाली करणारा १९३८ चा म्युनिक करार तिथे झाला होता, आज ते संगीत महाविद्यालय आहे. आम्ही गेलो तेव्हा वरच्या एका उघड्या खिडकीतून कोणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोकत होते. इझार नदीतल्या बेटावरच्या डॉयचेस म्युझियमला अर्धा दिवस द्यावा. काही दालने नूतनीकरणासाठी बंद आहेत, तरी विमानांचा विभाग पाहून यजमान हलेनात.

शेवटची संध्याकाळ ऑलिम्पिक पार्कसाठी राखावी. मारियनप्लात्सहून यू-३ थेट जाते. स्थानकाबाहेर पडताच बीएमडब्ल्यू वेल्ट हे मोटारींचे प्रदर्शन-दालन लागते. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, संग्रहालयाचे तिकीट वेगळे. पलीकडे १९७२ च्या खेळांसाठी ताणलेल्या तंबूसारखे पारदर्शक छत पसरले आहे. त्याच खेळांत भारताला हॉकीत कांस्यपदक मिळाले आणि त्याच खेळांच्या वेळी अकरा इस्रायली खेळाडू व प्रशिक्षक दहशतवाद्यांच्या हातून मारले गेले. त्यांचे स्मारक उद्यानातच आहे. त्या वर्षीचे पॅरालिम्पिक म्युनिकऐवजी हायडेलबर्गला झाले, आणि सांगलीच्या मुरलीकांत पेटकरांनी तिथे पोहण्यात सुवर्णपदक मिळवले.

उद्यानातली हिरवी टेकडी निसर्गाची नव्हे. युद्धात पडलेल्या घरांचा ढिगारा इथे आणून टाकला आणि त्यावर माती पसरून गवत लावले, तीच ही टेकडी. वळणावळणाची वाट चढाला सौम्य असल्याने आई मध्ये दोनदा बसून माथ्यावर पोहोचली. मेमध्ये सूर्यास्त पावणेनऊच्या सुमारास होतो. साडेसातला चढायला लागावे आणि अंगावर शाल असावी, कारण वर वारा झोंबतो. दक्षिणेला आल्प्सची रेघ फिकट दिसत होती. आईने आधी फ्राउएनकिर्शेचे दोन घुमट शोधले, मग पायाखालचे गवत चपलेच्या टोकाने थोडे बाजूला सारून पाहिले आणि विचारले, ‘यातल्या विटा त्या चर्चच्याही असतील का गं?’